गाडी बुडाला कळते



माझी ओळख थोडक्यात करून देतो. वय सदुसष्ट. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. विज्ञान शाखेचा पदवीधर आणि आर्मी सर्व्हिस कोअरमधून कर्नल म्हणून निवृत्त. सर्व्हिस कोअर म्हणजे सैन्याला धान्य, इंधन, दारूगोळा पोचवणारी मंडळी. त्यामुळे माझी निम्मी नोकरी ट्रकांच्या रांगेत गेली. शेवटच्या काही वर्षांत बंगळूरला ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणात होतो. हवा मानवली, मुलगीही इथेच नोकरीला लागली, म्हणून इथेच राहिलो.

आमच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत एक खुर्ची आहे. खुर्ची कसली, भंगारात काढलेल्या एका मोटारीची सीटच ती. तिच्यापुढे स्टिअरिंग, पेडल आणि पडदा आहे, आणि हे सगळं ज्या चौकटीवर आहे तिला चार कोपऱ्यांत चार पाय आहेत. पडद्यावर गाडी पळते, तसे हे पाय वर-खाली होतात. ब्रेक दाबला की चौकट पुढे झुकते, वळणावर कलते, खड्ड्यात आदळते. याला मोशन रिग म्हणतात. मी ती घरी बनवली. आज तिच्याबद्दलच बोलणार आहे, कारण ती बनवताना मला शरीराबद्दल आणि ड्रायव्हिंगबद्दल जे कळलं, ते पंचवीस वर्षं ड्रायव्हर तयार करूनही इतकं नीट कळलं नव्हतं.

माझ्या हाताखाली सांगलीकडचा एक जवान होता. झोजिला म्हणजे साडेअकरा हजार फुटांवरची खिंड. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि रस्त्यावर चिखल नाहीतर बर्फ. त्या रस्त्यावर हा पोरगा भरलेला ट्रक असा न्यायचा की मागच्या पिंपातलं डिझेल हलू नये. मी त्याला एकदा विचारलं, तुला कळतं कसं चाक कधी सुटणार ते? तो म्हणाला, "साहेब, रस्ता डोळ्याला दिसतो, पण गाडी बुडाला कळते."

हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. आणि घरातल्या सिम्युलेटरची अडचणही नेमकी हीच आहे. पडदा डोळ्याला रस्ता दाखवतो, बुडाला मात्र काहीच कळत नाही. म्हणून लोक मोशन रिग बांधायला घेतात.

आता थोडं शरीराकडे येऊ. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी दोन यंत्रं आहेत. एक म्हणजे तीन अर्धवर्तुळाकार नलिका. त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो, आणि आपण फिरतोय हे मेंदूला समजतं. दुसरं म्हणजे चुन्याच्या बारीक कणांचा एक थर. डोकं झुकलं किंवा गाडीने वेग घेतला की हे कण सरकतात. गंमत इथे आहे. कण मागे सरकले, तर ते डोकं मागे झुकल्यामुळे की गाडी पुढे सुसाटल्यामुळे, हे त्या कणांना सांगता येत नाही. गुरुत्वाकर्षण आणि वेगवाढ या दोन्ही गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकच. निर्णय मेंदू घेतो, आणि त्यासाठी तो डोळ्यांची साक्ष काढतो.

आमच्या बंगळूरमध्ये एच. ए. एल. विमानतळाजवळ भारतीय हवाई दलाची एक संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. १९५७ साली सुरू झाली. राकेश शर्मा यांच्या अंतराळप्रवासाआधी त्यांच्या आणि रवीश मल्होत्रा यांच्या चाचण्या तिथे झाल्या, आणि गगनयानासाठी वैमानिकांची निवड करतानाही त्यांना तिथेच पारखलं गेलं. शरीराची दिशाभूल कशी होते हे वैमानिकांना तिथे प्रत्यक्ष अनुभवायला देतात. अंधाऱ्या रात्री विमान धावपट्टी सोडून जोरात वेग घेतं. बाहेर क्षितिज दिसत नाही. कानातले कण मागे सरकतात आणि मेंदू म्हणतो, विमानाचं नाक फार वर गेलंय. वैमानिकाने त्या भावनेवर विश्वास ठेवून नाक खाली दाबलं, तर विमान सरळ जमिनीत. म्हणून त्यांना शिकवतात की शरीराचं ऐकू नका, घड्याळांकडे बघा.

ज्या भ्रमाने वैमानिक मरतो, त्याच भ्रमावर माझी खुर्ची चालते. पडद्यावर गाडी जोरात ब्रेक मारते. मी खुर्ची हळूच पुढे झुकवतो. गुरुत्वाकर्षण शरीराला पुढे ओढतं. डोळे सांगतात, गाडी थांबतेय. मेंदू दोन्ही साक्षी जुळवतो आणि निकाल देतो की हा ब्रेकचाच झटका आहे. खुर्ची जागची हललेलीसुद्धा नसते.

पण डोळे आणि कान यांच्या साक्षी जुळल्या नाहीत, तर मेंदू चिडतो. आपण म्हणतो ना, याला गाडी लागते? बसमध्ये पुस्तक वाचताना डोळे म्हणतात आपण स्थिर, कान म्हणतो आपण हलतोय, आणि पोट ढवळतं. सिम्युलेटरमध्ये हेच उलटं होतं. डोळे म्हणतात गाडी पळतेय, कान म्हणतो मी तर खोलीत बसलोय. म्हणूनच रिगची हालचाल पडद्याच्या मागे पडता कामा नये. जराही उशीर झाला तर हलणारी खुर्ची स्थिर खुर्चीपेक्षा वाईट.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थाने १९२९ साली वैमानिकांच्या सरावाचं यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि पियानोचा. म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसला हवेचा भाता त्याच्या रोजच्या हाताखालचा. त्याने तेच भाते लावून एक खोटं विमान हलवलं. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतला पाळणा समजून घेतलं. १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराकडे विमानाने टपाल नेण्याचं काम आलं. खराब हवेत, फक्त घड्याळं बघून उडण्याची सवय नसलेले अनेक तरुण वैमानिक त्यात मेले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. सैन्यात राहिलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा आहे. आधी माणसं जातात, मग खरेदीच्या फाइलवर सही होते.

पुढे १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीत एरिक गॉफ नावाच्या इंजिनिअरने सहा पायांवर उभं राहणारं एक यंत्र बनवलं. कशासाठी? तर मोटारीचे टायर तपासण्यासाठी. १९६५ मध्ये डी. स्टुअर्ट यांनी सहा पायांचं व्यासपीठ विमानाच्या सिम्युलेटरसाठी सुचवलं. आज वैमानिकांची मोठी सिम्युलेटरं ज्या सहा तिरक्या पायांवर डोलतात, ती कल्पना तीच. म्हणजे टायर तपासणारं यंत्र विमानाकडे गेलं आणि आता पुन्हा मोटारीच्या खेळाकडे आलं. आमच्या बंगळूरला तर या विद्येचं माहेरघरच म्हणावं लागेल. डी. आर. डी. ओ.ची ए. डी. ई. ही प्रयोगशाळा विमानांची सिम्युलेटरं विकसित करते, आणि एच. ए. एल.च्या भागीदारीत हेलिकॉप्टर वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवणारी संस्थाही इथेच आहे.

मी मात्र सहा पायांच्या वाटेला गेलो नाही. का, ते सांगतो, कारण आराखडा म्हणजे काय काय सोडायचं याचा निर्णय.

सहा पाय असले की व्यासपीठ सहाही प्रकारे हलतं. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकतं, आणि तीन प्रकारे झुकतं किंवा वळतं. पण त्याला जागा लागते, उंची लागते, आणि सहा पायांचं गणित एकमेकांत गुंतलेलं असतं. चार कोपऱ्यांत चार उभे पाय ठेवले, तर तीन हालचाली मिळतात. चारही वर म्हणजे वर. पुढचे दोन खाली, मागचे दोन वर म्हणजे पुढे झुकणं. डावे वर, उजवे खाली म्हणजे कलणं. एवढ्यावर मी समाधान मानलं.

प्रत्येक पायात एक सर्वो मोटर, ७५० वॉटची, म्हणजे साधारण एक अश्वशक्ती. चार पायांचे चार घोडे. मोटर एक बॉल स्क्रू फिरवते. बॉल स्क्रू म्हणजे असा आटे पाडलेला दांडा, ज्याच्या नटात बारीक पोलादी गोळ्या फिरतात, त्यामुळे घर्षण फार कमी. माझ्या स्क्रूचा व्यास १६ मिलिमीटर, आणि एका फेऱ्यात नट ५ मिलिमीटर सरकतो. मोटर मिनिटाला ३००० फेरे फिरली, तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे पाय सेकंदाला २५० मिलिमीटर सरकणार. २.४ न्यूटन मीटरची मोटर या स्क्रूतून अडीचशे किलोहून जास्त वजन उचलू शकते. माझी चौकट, सीट, पडदा मिळून ८० किलो आणि माणूस ८० किलो. एका पायावर ४० किलो आले. ताकद भरपूर आहे, आणि तीच धोक्याचीही आहे. त्याकडे पुढे येतो.

आता खरा हिशोब बघा. पायांची एकूण हालचाल १०० मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर १२०० मिलिमीटर. पुढचे पूर्ण खाली आणि मागचे पूर्ण वर गेले, तर खुर्ची झुकते जेमतेम पावणेपाच अंश. त्या झुकण्याने शरीराला पुढे ओढणारं बळ मिळतं वजनाच्या आठ टक्के. साधी मोटार कोरड्या रस्त्यावर जीव तोडून ब्रेक मारते, तेव्हा हे बळ वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे माझी एवढी चार घोड्यांची रिग ब्रेकच्या झटक्याचा फार तर दहावा हिस्सा देते.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग काय उपयोग?

आता दुसरा हिशोब बघा. रस्त्यावर बारीक खडबड आहे. चाक सेकंदाला दहा वेळा, एक एक मिलिमीटर वर-खाली होतंय. या एवढ्याशा हालचालीत शरीराला बसणारा धक्का वजनाच्या चाळीस टक्के असतो. एक मिलिमीटर! आणि माझे पाय ते सहज करतात. म्हणजे लांबलचक, सलग बळ खोलीत बसून खरंखुरं देता येत नाही, पण छोटे, झटपट धक्के मात्र जवळपास खरे देता येतात. जर्मनीतला नुर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक जवळजवळ २०.८ किलोमीटर लांब आहे. त्यात एक काँक्रीटचं तिरकं वळण आहे. त्यावरून पडद्यावरची गाडी जाते, तेव्हा काँक्रीटच्या फरशांमधला एकेक सांधा माझ्या पाठीला मोजता येतो.

मोशन रिगची सगळी कला या दोन हिशोबांच्या मधे आहे. बारीक गोष्टी खऱ्या सांगायच्या, मोठ्या गोष्टींची फक्त सुरुवात करून द्यायची आणि उरलेलं मेंदूवर सोडायचं. ब्रेकची चाहूल लागताच खुर्ची पटकन थोडी झुकते. त्यानंतर ती पुन्हा मधोमध यायला हवी, नाहीतर पुढच्या झटक्यासाठी पायांत जागाच उरणार नाही. पण हे परत येणं कळता कामा नये. कानातल्या नलिकांना अगदी संथ फिरणं जाणवत नाही. सेकंदाला दोन-तीन अंशांच्या खाली राहिलं, तर ते सहसा ध्यानात येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर खुर्चीला चोरपावलांनी परत आणतं. वाढपी पंगतीत जिलबी वाढून जसा गुपचूप मागे सरतो, तसं.

पडदाही मी चौकटीवरच बसवला, खोलीच्या भिंतीवर नाही. खुर्ची झुकली आणि पडदा भिंतीवर राहिला, तर डोळ्यांना झुकणं दिसतं आणि भ्रम मोडतो. पडदा बरोबर झुकला, तर डोळ्यांना फक्त रस्ता दिसतो. खोलीतला दिवा मालवला की आणखी बरं.

बांधकाम सगळं बंगळूरमध्येच झालं. वायरी, कनेक्टर, रिले, स्विच हवेत तर सदर पत्रप्पा रोड, म्हणजे एस. पी. रोड. अरुंद गल्ली, दुकानात उभं राहायला जागा नाही, पण मागाल तो नट मिळतो. पोलादी प्लेटा कापून, भोकं पाडून घ्यायला पीण्याची औद्योगिक वसाहत. तिथल्या एका वर्कशॉपच्या मालकाला मी नकाशा दाखवला. त्याने विचारलं, हे कशासाठी? म्हटलं, खुर्ची हलवायला. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि फार काही न बोलता पाव मिलिमीटरच्या आत काम करून दिलं. चौकटीला अ‍ॅल्युमिनियमचे खाचवाले बार वापरले. वेल्डिंग नको, नट सैल करून जागा बदलता येते. संगणक सोडून सगळा खर्च तीन लाखांच्या आत बसला.

ब्रेकच्या पेडलवर मात्र हात आखडता घेऊ नका. स्वस्तातलं पेडल किती खाली गेलं हे मोजतं. चांगलं पेडल किती जोराने दाबलं हे मोजतं, त्यात वजनकाट्यात असतो तसला लोड सेल असतो. खऱ्या गाडीत पाय अंतर लक्षात ठेवत नाही, जोर लक्षात ठेवतो. पैसे कमी असतील, तर आधी पेडल घ्या, मग चांगलं स्टिअरिंग, आणि हलणारे पाय सगळ्यात शेवटी. पुढची चाकं घसरायच्या बेतात आली की स्टिअरिंग हाताला हलकं लागायला लागतं. ती पहिली सूचना हातातून येते, खुर्चीतून नाही. आणि मागची बाजू घसरून गाडी आडवी फिरणं हे माझ्या चार उभ्या पायांना दाखवताच येत नाही. त्यासाठी पाचवी मोटर लावून मागची बाजू सरकवणारे लोक आहेत. मी ते केलं नाही.

आता धोक्याकडे येतो, आणि हे कृपया लक्ष देऊन ऐका. बाजारातला खेळ आणि घरी बांधलेलं यंत्र यांत फरक हा की घरच्या यंत्राची जबाबदारी घेणारा दुसरा कोणी नसतो. अडीचशे किलो उचलणारा पाय खाली येताना मधे कोणाची बोटं आहेत हे बघत नाही.

पहिली गोष्ट, लाल बटण. एक बसणाऱ्याच्या हाताशी, पट्टा लावलेला असतानाही पोचेल असं. दुसरं खोलीच्या दाराशी, बाहेरच्या माणसासाठी. या बटणाने सॉफ्टवेअरला विनंती करायची नाही, मोटरची वीजच तोडायची. बॉल स्क्रूत घर्षण कमी असल्यामुळे वीज गेली की वजनानेच तो उलटा फिरतो आणि खुर्ची खाली बसते. वीज कधीही जाऊ शकते, म्हणून काहीही बिघडलं तरी खुर्ची शेवटी खालीच येऊन थांबेल असा आराखडा करा, आणि खाली येताना मधे काही सापडणार नाही असा आडोसा चारही बाजूंनी लावा.

दुसरी गोष्ट, वेगळी वायर, वेगळा एम. सी. बी. आणि नीट तपासलेलं अर्थिंग. ते काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

तिसरी गोष्ट, आधी वाळू, मग माणूस. सैन्यात वाळूच्या पिशव्यांशी आमचं जुनं नातं. ८० किलोच्या पिशव्या सीटवर बांधून मी रिग दहा तास चालवली. चौथ्या तासाला एका पायाचा मोटर आणि स्क्रू जोडणारा कपलर सरकला आणि तो कोपरा खाली बसला. पिशवीला काही झालं नाही. तिथे माणूस असता, तर मान लचकली असती. त्यानंतर चारही कपलर बदलले आणि पुन्हा पहिल्यापासून दहा तास मोजले.

चौथी गोष्ट, फायरिंग रेंजची शिस्त. रेंजवर गोळीबार सुरू असला की लाल झेंडा वर असतो, आणि झेंडा वर असताना पुढे कोणी जात नाही, मग तो जनरल का असेना. माझ्या खोलीच्या दाराला लाल झेंडा आहे. मोटरला वीज दिली की झेंडा वर. लहान मूल आणि मांजर यांना झेंडा वाचता येत नाही, म्हणून दाराला कडीही आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक हिशोब. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो वजन धरून आखलेला असतो. माझे १६० किलो सहा फूट बाय चार फूट प्लायवूडवर पसरले, तर चौरस मीटरला सत्तर-पंचाहत्तर किलो येतात. धक्क्यांमुळे दुप्पट धरले, तरी मर्यादेत. इमारत जुनी असेल, तर मात्र इंजिनिअरला विचारा. प्लायवूडखाली जाड रबर घाला, कारण स्लॅब वजन सहन करतो, पण खालची मंडळी आवाज सहन करतीलच असं नाही. आमच्या खाली एक कन्नड अज्जी राहतात. मी रबर घालून खाली गेलो, त्यांच्या हॉलमध्ये बसलो आणि वर रिग चालवायला लावली. त्या कान देऊन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, रात्री नऊनंतर नको. बंगळूरमध्ये "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" असं म्हणतात, थोडं सांभाळून घ्या. पण सांभाळून घ्यायला सांगण्याआधी आपण सांभाळावं. रात्री नऊनंतर रिग बंद असते.

वर रिग चालवत होता माझा नातू, मुलीचा मुलगा. सतरा वर्षांचा. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी. तो अठरा पूर्ण करील आणि लायसन्स काढील. मी आयुष्यभर अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या हातात ट्रक दिले आहेत. त्यांतले काही परत आले नाहीत. त्यांच्या घरी पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे असायचं. सरकारी आकडा सांगतो, २०२२ या एका वर्षात देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतले दहापैकी सात मृत्यू वेगामुळे. नातवाने पहिला घसरलेला टायर खऱ्या रस्त्यावर अनुभवू नये, एवढाच माझा हेतू.

सुरुवातीला सगळं छान चाललं. त्याने सगळे धक्के शंभर टक्क्यांवर ठेवले होते. खुर्ची घोड्यासारखी उधळायची. मी एकेक कमी करत गेलो. इंजिनाची थरथर जवळजवळ बंद केली, कारण ती सतत असते आणि सतत असलेली गोष्ट काही सांगत नाही. ब्रेकचं झुकणं ठेवलं, वळणाचं थोडं ठेवलं, रस्त्याची खडबड पूर्ण ठेवली. दोन दिवस तो कुरकुरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आजोबा, आता पुढचं चाक पांढऱ्या पट्टीवर गेलं ते कळतं. त्याचा वेळही सुधारला. गोंगाट कमी केला, की कुजबूज ऐकू येते.

पण महिन्याभरात मी दारातून बघत होतो. त्याने एका वळणावर गाडी भिंतीवर घातली. रिगने धक्का दिला, त्याने एक बटण दाबलं, आणि तीन सेकंदांत गाडी पुन्हा नवी कोरी, तिथेच उभी. पुन्हा गेला, पुन्हा भिंत, पुन्हा बटण. अर्ध्या तासात तो अकरा वेळा मेला आणि दर वेळी हसत उठला.

तेव्हा मला रिगमधलं सगळ्यात मोठं खोटं दिसलं. झुकण्याने ब्रेक भासवणं हे लहान खोटं, त्याने शरीर खरंच शिकतं. पण आपटल्यावर काहीच होत नाही हे खोटं त्याला उलटं शिकवत होतं. कितीही पाय लावा, कितीही महाग मोटर घ्या, ती गोष्ट खुर्ची सांगू शकत नाही.

म्हणून मी एक छोटी सोय जोडली. गाडी ठरावीक जोराच्या वर आदळली, की चारही पाय सावकाश खाली बसतात, मोटरची वीज जाते आणि दहा मिनिटं येत नाही. त्या दहा मिनिटांत खाली उतरायचं आणि शेजारच्या वहीत लिहायचं. वेग किती होता, ब्रेक कुठे दाबला, चूक कुठून सुरू झाली. सैन्यात अपघातानंतर चौकशी बसते, ती शिक्षेसाठी नाही, पुढचा ट्रक वाचावा म्हणून. ही त्याची घरगुती आवृत्ती.

नातू पहिल्या दिवशी चिडला. मी त्याला म्हटलं, दहा मिनिटं जास्त वाटतात का? ज्यांना मी पत्रं लिहिली, त्यांच्याकडे एवढासुद्धा वेळ नव्हता. तो काही बोलला नाही. वही घेऊन बसला.

आज त्या वहीत चाळीसेक नोंदी आहेत. पहिल्या पानावर कारण लिहिलंय, "टायर घसरला." पुढे पुढे लिहिलंय, "वळणाच्या आधी वेग कमी केला नाही." आणि अलीकडच्या एका नोंदीत आहे, "पुढच्याला मागे टाकायची घाई झाली." टायरपासून स्वतःपर्यंत यायला त्याला तीन महिने लागले. नवशिक्या ड्रायव्हरांचे जबाब मी खूप वाचले आहेत. काही जणांना हा प्रवास तीस वर्षांत जमत नाही.

तुमच्यापैकी कोणाला रिग बांधायची असेल, तर जरूर बांधा. आधी कागदावर हिशोब करा, मग बाजारात जा. लाल बटण पहिल्या दिवशी लावा, दिवे आणि स्टिकर नंतर. धक्के कमी ठेवा. घरातल्या तरुण पोराला बसवा, शेजारच्यालाही बसवा. आणि एक वही व पेन्सिल विकत घ्या. तीन लाखांच्या खर्चात ती वीस रुपयांची वस्तू आहे, पण माझ्या रिगचा तो पाचवा पाय आहे.

नातवाचा अठरावा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. शिकाऊ लायसन्स मिळालं की पहिल्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसणार. सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, कारण सिल्क बोर्डच्या चौकात नऊ वाजता वेग शिकवता येत नाही, फक्त संयम शिकवता येतो. तो धडा दुसऱ्या दिवशी.

जय हिंद.